शहरातल्या राखीव जंगलात घरच्यांना घेऊन पुन्हा जावं का? मुलं कंटाळली, आजींचे गुडघे दुखले, प्राणी एकही दिसला नाही

तुमचा प्रश्न असा: शहराच्या मधोमध असलेल्या राखीव जंगलात तुम्ही एकदा सगळे मिळून गेलात. पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांनी वीस मिनिटांत "अजून किती चालायचं?" सुरू केलं, प्राणी एकही दिसला नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले. आता पुन्हा जावं, की जवळच्या बागेतली घसरगुंडीच बरी? शिवाय कुत्र्याला न्यावं का आणि मुलांनी चिखलात हात घातलेले चालतील का, हेही तुम्ही विचारलंय.

जा, नक्की जा. फक्त या वेळी चालणं कमी ठेवा, बसणं जास्त, आणि वेग सासूबाईंना ठरवू द्या.

हे मी कुठे शिकले ते सांगते. सुरुवातीचं वर्षभर आम्हीही तुमच्यासारखंच करायचो. फाटकातून आत शिरायचं, साडेतीन किलोमीटरची गोल वाट पुरी करायची आणि घामाघूम होऊन बाहेर पडायचं. एका रविवारी माझी आई बरोबर होती. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीनच महिने झाले होते. फाटकापासून दोनशे पावलांवर एक आडवा पडलेला ओंडका होता, तिथे ती बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन." धाकटी आजीजवळच राहिली. आम्ही दोघं आणि थोरला पूर्ण फेरी मारून तासाभराने परत आलो. आम्हाला दिसलं होतं काय, तर पुढे चालणाऱ्या लोकांच्या पाठी. त्या दोघींनी मात्र एका वाळक्या खोडावर सुतारपक्ष्याला चार वेळा येताना पाहिलं होतं. एक खार सालीचे तंतू ओढून तोंडात त्याचा बोळा करून वर नेत होती. मुंग्यांनी एका गांधीलमाशीचा पंख शिडासारखा उभा धरून नेला होता. धाकटी हे सगळं इतक्या घाईने सांगत होती की शब्द एकमेकांवर आदळत होते. त्या दिवसापासून आमच्या घरी आजी जिथे बसेल तिथे जंगल, असं ठरलं.

कारण साधं आहे. चारपाच माणसं वाळक्या पानांवरून बोलत चालली की पहिला पक्षी धोक्याची हाक देतो. ती हाक ओळखणारे बाकीचे पक्षी, खारी, सरडे सगळे जागच्या जागी थिजतात किंवा आडोशाला जातात. आपण पुढे सरकतो तशी ती चुप्पीही आपल्या पुढे पुढे सरकत राहते. म्हणजे चालणारा माणूस दिवसभर नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागेतून चालत असतो. एका जागी बसलं की साधारण दहा-पंधरा मिनिटांत आपली दखल घेणं बंद होतं. ती पहिली दहा मिनिटं मुलांना जड जातात, तेवढी तुम्हाला निभावून न्यावी लागतील.

त्यासाठी आमचा एक उपाय आहे. नऊ वर्षांच्या मुलाला कागद-पेन्सिल द्या. कागदाच्या मधोमध फुली म्हणजे तो स्वतः. डोळे मिटून ऐकायचं, आणि जो आवाज ज्या बाजूने आणि जितक्या लांबून येईल त्या ठिकाणी एक खूण करायची. शहरातल्या जंगलात त्या नकाशावर एका कडेला गाड्यांचे हॉर्न येतात, ते येऊ द्यावेत. त्यावरूनच पुढे चांगली गोष्ट निघते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांनी ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. जिथे रहदारीचा गोंगाट जास्त, तिथले नर वरच्या पट्टीत गातात, असं त्यांना आढळलं. गाड्यांची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यात आवाज बुडू नये म्हणून. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. थोरल्याला हे सांगितलं तेव्हापासून तो रस्त्याच्या कडेचा आणि आतला पक्षी वेगवेगळा ऐकू येतो का, हे पाहायला लागला.

पाच वर्षांच्या मुलाच्या हातात दुर्बीण देऊ नका. इतक्या लहानांना दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र धरता येत नाही, आणि ते हिरमुसतात. त्याला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग द्या. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू जवळ आणायची, हे एकदा दाखवलं की झालं.

आणि त्याला खाली बसवा, पालापाचोळ्यात. "प्राणी दिसला नाही" असं तुम्ही लिहिलंय ना, तर बहुतेक प्राणी तुमच्या बुटांखाली होते. एक वीतभर जागा निवडा आणि थर हळूहळू बाजूला करा. वर यंदाची अख्खी पानं. त्याखाली मागची, भोकं पडलेली, मऊ झालेली. त्याखाली काही पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, जाळीदार. मग चुरा, आणि मग काळी, ओलसर माती, जिच्यात पान कुठे संपलं ते सांगता येत नाही. मधूनमधून पांढरे बारीक धागे दिसतील, ती बुरशी. हे सगळं सडवण्याचं काम तिचं आणि तिच्या जोडीच्या जीवाणूंचं. गोगलगाय भेटेल, अंगाची गुंडाळी करणारा पैसा भेटेल. आणि भिंगाखाली धूळ टुणकन उडाल्यासारखी वाटली तर तो स्प्रिंगटेल. एकदोन मिलिमीटरचा जीव, पोटाखाली दुमडून ठेवलेलं शेपूट सोडलं की अंगाच्या कितीतरी पट लांब उडतो.

आता त्या मातीचा वास घ्यायला सांगा. पहिल्या पावसाचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात जिओस्मिन नावाचं एक द्रव्य असतं, ते मातीतले जीवाणू तयार करतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, एक लाख कोटी भागांत त्याचे थोडेसेच भाग असले तरी कळतं. हे जीवाणू इतका वास कशाला सोडतात, याचं एक उत्तर २०२० साली मिळालं: तो वास या स्प्रिंगटेलांना बोलावतो. ते येतात, जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून दुसरीकडे पसरवतात. म्हणजे मूल ज्या वासाने नाक फुगवतं तो मुळात त्या उड्या मारणाऱ्या धुळीसाठी आहे. मला स्वतःला हे कळलं त्या दिवशी मी खूप वेळ हातात माती धरून बसले होते.

पाहून झालं की थर होते तसे परत ठेवायचे, हा आमच्याकडे न मोडणारा नियम आहे. ओलाव्यात जगणारे जीव उघड्यावर लवकर सुकतात.

चिखलाबद्दलची तुमची काळजी मला समजते, पण हात घालू द्या. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन, म्हणजे झुडपं, शेवाळ, माती, उचलून आणून घातली आणि मुलांना २८ दिवस तिथे खेळू दिलं. त्यांच्या त्वचेवरच्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचा तोल राखणाऱ्या खुणा सुधारलेल्या दिसल्या. अभ्यास छोटा होता, जेमतेम ७५ मुलांचा, त्यामुळे त्यावरून औषधासारखी हमी घेऊ नये. हात तोंडात जाऊ नयेत, खाण्याआधी साबणाने धुवावेत आणि कुठलीही अळंबी, फळ किंवा पान तोंडात घालायचं नाही, एवढं कडक ठेवा.

वठलेल्या झाडांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "ही मेलेली झाडं काढत का नाहीत?" असं लोक वनरक्षकांना तक्रारीच्या सुरात विचारताना मी पाहिलंय. उभं वाळकं खोड हे जंगलातलं सगळ्यात गजबजलेलं घर असतं. बुरशी लाकूड मऊ करते, भुंगेऱ्यांच्या अळ्या ते पोखरतात, अळ्यांसाठी सुतारपक्षी येतो आणि स्वतःसाठी ढोली कोरतो. तो ती सोडून गेला की ज्यांना स्वतःला कोरता येत नाही असे पक्षी, खारी, वटवाघळं तिथे राहायला येतात. युरोपातल्या स्टॅग बीटल नावाच्या मोठ्या भुंगेऱ्याची अळी कुजक्या लाकडावर कित्येक वर्षं काढते आणि प्रौढ भुंगेरा मात्र एखादा उन्हाळाच जगतो. असं लाकूड उचलून नेलं की पुढची कितीतरी वर्षं उचलून नेल्यासारखं होतं. म्हणून बसायची जागा निवडताना वाळकं खोड समोर दिसेल अशी निवडा, म्हणजे काही ना काही हालचाल दिसतेच. पण त्याच्या खाली बसू नका. वाळक्या फांद्या न सांगता पडतात, आणि जोराच्या वाऱ्याच्या दिवशी तर जंगलात जाऊच नये.

जागेबद्दल आणखी एक. ऊन-सावली जिथे मिळते ती कड, किंवा छोटं पाणी, तिथे सगळ्यात जास्त ये-जा असते. ऊन पाठीवर घ्या, म्हणजे समोरचं नीट दिसतं. सकाळी लवकर निघणं जमलं तर पक्षी भरपूर. नाही जमलं तर हळहळू नका, दहानंतर उन्हात फुलपाखरं आणि चतुर बाहेर पडतात, आणि लहान मुलांना तेच जास्त आवडतात.

सासूबाईंसाठी घडीचं हलकं स्टूल घ्या, जंगलातल्या बाकांच्या भरवशावर राहू नका. गोल वाट टाळा. गोल वाटेवर निम्म्यात पोचल्यावर कुणी दमलं तर पुढे जा किंवा मागे जा, अंतर तेवढंच. ज्या वाटेने गेलो तिनेच परत यायचं ठरवलं तर कुठूनही वळता येतं. स्वच्छतागृह बहुधा फाटकाशीच असतं, तेवढं आधी उरकून घ्या. पूर्ण बाह्या, पायजमा, बंद बूट. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला गोचीड आहे का ते पाहा. असली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल वगैरे लावत बसू नका.

वाट सोडू नका. लोक मधून आडवे जातात आणि तिथे नवी वाट पडते. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. पायांनी माती दाबली गेली की तिच्यातली हवेची जागा मिटते आणि मुळं गुदमरतात. शहरातल्या जंगलाला दर सुट्टीला हजारो पाय सोसावे लागतात. फळांची सालंसुद्धा पिशवीत परत आणा, आणि प्राण्यांना काही खाऊ घालू नका.

कुत्र्याला घरी ठेवा. मला कुत्री फार आवडतात, तरीही हेच सांगेन, आणि साखळी लावली तरी हेच. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेल्या एका अभ्यासात, तो २००७ साली प्रसिद्ध झाला, साखळीने बांधलेला कुत्रा नेल्यावर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. नुसती माणसं गेल्यावर होणारा परिणाम निम्म्याहून कमी होता. जिथे लोक रोज कुत्री नेत होते तिथेही पक्षी सरावलेले नव्हते.

किती वेळ जावं म्हणाल, तर इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक गोष्ट पुढे आली. आठवड्याला निसर्गात एकूण १२० मिनिटं घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते, आणि ती १२० मिनिटं एकदम की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, पण तुमच्या कामाचा भाग शेवटचा आहे: तीनचार तासांची मोहीम काढायची गरज नाही. पाऊण तास पुरे. मुलांनी "अजून थोडा वेळ" म्हटलं की लगेच निघायचं, म्हणजे पुढच्या वेळी तीच तुम्हाला ओढून नेतात.

आणि दर वेळी त्याच जागी जा. एक झाड आपलं माना, नाव माहीत नसलं तरी चालेल, मुलांनाच ठेवू द्या. आमचा आहे तो वाकडोबा. दर वर्षी त्याच महिन्यात आम्ही सुतळी घेऊन त्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजतो आणि सुतळीला गाठ मारतो. समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी एक ठोकताळा वापरतात: मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतो, दाटीतल्याचा त्याच्या निम्मा. वाकडोबा दाटीत आहे. तीन वर्षांत पहिल्या आणि शेवटच्या गाठीत दोन बोटांचं अंतर पडलंय. सुतळीचं एक टोक आजी स्टुलावर बसून धरते, धाकटी दुसरं टोक घेऊन खोडाला वळसा घालते, आणि गाठ कुठे मारायची यावर दोघींचं दर वर्षी भांडण होतं.