फ्लॉवरहॉर्नचा संसार एकट्याचाच

(वाचकांचे प्रश्न : घरचे मत्स्यालय)

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दीड इंचाचे फ्लॉवरहॉर्नचे पिल्लू आणले. आता तो नऊ इंचांचा झाला असून अजूनही दोन फुटी टाकीतच आहे. सोबतीला सोडलेला ऑस्कर मासा त्याने एका रात्रीत मारला आणि नंतर आणलेला सकर मासाही टिकला नाही. काच पुसायला हात घातला तर हातावर धावून येतो. दुकानदारांचे म्हणणे असे, की त्याच्याच आकाराचा जोडीदार दिला की तो शांत होईल. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे नाही, आणि कृपया तिसरा मासा आणू नये.

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात तयार झालेला मासा नव्हे. १९९०च्या दशकात मलेशियातील पैदासकारांनी मध्य अमेरिकेतील सिक्लिड कुळातल्या माशांचे संकर करून तो घडवला. ट्रायमॅक, निकाराग्वाच्या सरोवरांतील रेड डेव्हिल आणि तैवानमधून आलेला ब्लड पॅरट हे त्याचे पूर्वज असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. यांतले पहिले दोन मुळातच हद्द राखणारे आहेत. तळाचा एक तुकडा आपला ठरवायचा, तिथली वाळू तोंडाने उचलून बाजूला टाकायची आणि हद्दीत शिरेल त्याला हुसकावून लावायचे, ही त्यांची रीत. सरोवरात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच मिटते. तुमच्या टाकीत मात्र ऑस्करला पळायला साठ सेंटीमीटरच होते, त्यामुळे हुसकावणे थांबलेच नाही आणि तो मेला. तेव्हा तुमचा मासा बिघडलेला नाही, त्याला दिलेली जागा अपुरी आहे.

पूर्ण वाढलेला फ्लॉवरहॉर्न सुमारे एक फुटाचा होतो आणि नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. त्याच्या एकट्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी ही मी किमान गरज समजतो. अशा टाकीत साधारण २४० लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि स्टँड धरून तीनशे किलोंच्या आसपास भार होतो. ती चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवण्याचा विचारही करू नये. लोखंडी स्टँड भिंतीलगत ठेवावा, पातळी तपासून घ्यावी आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी, म्हणजे लादीच्या किंवा स्टँडच्या उंचसखलपणाचा ताण काचेवर येत नाही. झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो.

आत सजावट जितकी कमी तितके बरे. प्लास्टिकची झाडे तो उपटतो, खडे तोंडात धरून काचेवर थुंकतो आणि हीटरच्या चिकटकांशी झटापट करून हीटर खाली पाडतो. काचेचा हीटर फुटला तर विजेचा धोका असतो, म्हणून त्याला जाळीचे संरक्षक आवरण बसवावे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावेत. काच पुसण्यासाठी चुंबकाचा ब्रश वापरावा. हात घालावाच लागला तर आधी मधे अ‍ॅक्रिलिकची फळी सरकवून मासा एका बाजूला करावा. तो हातावर येतो ते हाताला घुसखोर समजून, आणि नऊ इंचांच्या माशाचा चावा रक्त काढू शकतो.

एवढा मोठा मांसाहारी मासा घाणही तेवढीच करतो, म्हणून फिल्टर टाकीला पुरेल त्याहून मोठाच घ्यावा आणि आठवड्यातून एकदा पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते; ते क्लोरिन काढणारे द्रावण घालूनच वापरावे. फिल्टरमधला स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. माशाच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यातच राहतात, त्यामुळे टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळून घ्यावा. बोअरवेलचे जड पाणी असेल तर चिंता नको, कारण मध्य अमेरिकी सिक्लिडांना पीएच सात ते आठचे पाणी मानवते. मात्र त्याच पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो : पीएच सातवरून आठवर गेला की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते. जड पाणी वापरणाऱ्यांनी पाणी बदलण्यात चालढकल करू नये, ती याचसाठी.

प्रश्न : आमच्या फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचा उंचवटा महिनाभरात ओसरला. तो खात नाही, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसते, डोक्यावर बारीक खळगे पडले आहेत. उंचवटा गेला म्हणजे घरातली बरकत गेली, असे सासूबाई म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बरकतीचा विषय मी सासूबाईंवर सोडतो, मासा मात्र आजारी आहे. या उंचवट्याला शौकीन ‘कोक’ म्हणतात. त्यात चरबी आणि द्रव असतो, त्याचा आकार मुख्यतः वाणावर आणि संप्रेरकांवर ठरतो, आणि मासा उपाशी राहिला किंवा ताणाखाली असला की तो ओसरतो. तुम्ही वर्णिलेली पांढरी विष्ठा व डोक्यावरचे खळगे ही हेक्सामिटासारख्या आतड्यातील परजीवीची नेहमीची लक्षणे आहेत. खराब पाणी आणि एकसुरी आहार यांमुळे हा आजार बळावतो.

आधी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच असायला हवेत. एकदम सगळे पाणी न बदलता चार-पाच दिवस रोज पाव टाकी बदलावे आणि तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत न्यावे. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप जोडीला चालू ठेवावा. या आजारावर मेट्रोनिडॅझोल दिले जाते आणि मासा थोडेफार खात असेल तर ते अन्नातून दिलेले अधिक गुणकारी ठरते. मात्र प्रमाण माशांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावे. घरातली माणसांची गोळी अंदाजाने टाकीत विरघळवू नये.

बरा झाल्यावर आहार बदला. चांगल्या प्रतीच्या गोळ्या मुख्य ठेवाव्यात आणि अधूनमधून गोठवलेली, सोललेली कोळंबी द्यावी. बाजारातला सुका जवळा बहुधा खारट आणि वाळूमिश्रित असतो, तो टाळावा. बकऱ्याच्या काळजाचे तुकडेही नकोत, कारण त्यातली चरबी माशाला पचत नाही. जिवंत गप्पी सोडण्याची हौस अनेकांना असते. माझ्या मते ती माशापेक्षा पाहणाऱ्यांची अधिक असते, आणि त्या गप्पींबरोबर परजीवीही घरात येतात. कोक वाढावा म्हणून दिवसभर आरसा लावून ठेवणेही बंद करावे. दिवसातून दोन-तीन मिनिटे प्रतिबिंबावर फुरफुरला तर व्यायाम होतो. तासन्‌तास चालले तर तो मासा कायम युद्धावरच राहतो.

प्रश्न : नर समजून घेतलेल्या माशाने काचेवर अंडी चिकटवली आहेत. पिल्ले होतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ती मादी आहे, आणि माद्या नराशिवायही अंडी घालतात; काही मादींना कोकही असतो. अफलित अंडी दोन-तीन दिवसांत पांढरी पडून बुरशी धरतात, ती खरवडून काढावीत. नर आणण्याचा विचार असेल तर एक अडचण लक्षात घ्या : संकरामुळे अनेक नर वांझ असतात, आणि जोडी जमली नाही तर दोघांपैकी एक मरतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त परदेशी जावे लागत आहे. फ्लॉवरहॉर्नला जवळच्या तळ्यात सोडले तर तो मोकळा जगेल, असे मुलांना वाटते. सोडावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात सोडू नये. मुलांची भावना समजते, पण तो मासा तिथे जगलाच तर इतरांना जगू देणार नाही. सिंगापूरच्या जलाशयांत सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न आढळले आहेत आणि ऑस्ट्रेलियात तो आणण्यासच बंदी आहे. आपल्याकडची उदाहरणे याहून जवळची आहेत. उजनीची चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिड कुळातलीच. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि अनेक जलाशयांत तिने स्थानिक माशांची जागा घेतली. लोकांनी मत्स्यालयांतून सोडलेल्या सकर माशांनी आज मच्छीमारांची जाळी फाटत आहेत. या कुळातले आपले अस्सल मासेही आहेत, उदाहरणार्थ कोकण-गोव्याच्या खाडीतला कालुंदर, पण ते इथल्या पाण्याशी जुळवून घेत लाखो वर्षांत घडले. फ्लॉवरहॉर्न तसा घडलेला नाही.

ज्या दुकानातून घेतला तिथे परत देता येतो का, ते आधी विचारा; मोठा मासा बरेच दुकानदार आनंदाने घेतात. नाही तर चार फुटी टाकी असलेला शौकीन शोधा आणि टाकी, फिल्टर, हीटर सगळे माशासोबतच द्या. नेण्यापूर्वी एक दिवस त्याला उपाशी ठेवावे, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. पिशवी त्याच्या परांच्या काट्यांनी फाटते, म्हणून झाकणाची बादली वापरावी. ती निम्मी टाकीच्याच पाण्याने भरावी, झाकणाला भोके पाडावीत आणि बॅटरीवरचा एअर पंप लावावा. नव्या घरी त्या बादलीत तासाभरात थोडे थोडे नवे पाणी मिसळून मगच त्याला टाकीत सोडावे, आणि पहिला दिवस दिवा बंद ठेवावा.