चेल्सीच्या बाकावरचा श्वार्झर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा गोलरक्षक मार्क श्वार्झर फुलहॅममध्ये पाच वर्षे पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता. तरीही २०१३ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, तो चेल्सीत पेत्र चेकचा राखीव म्हणून दाखल झाला. एवढ्या अनुभवी खेळाडूने बाकावर बसण्याचा करार का करावा? आणि चेल्सीला त्याचा खरोखर काही उपयोग झाला का?

उत्तर : राखीव गोलरक्षक म्हणजे निवृत्तीच्या वाटेवर विसावलेला खेळाडू, अशी एक समजूत आपल्या प्रश्नामागे दिसते. श्वार्झरच्या बाबतीत ती लागू पडत नाही. १९९७ ते २००८ मिडल्सब्रोमध्ये आणि पुढे फुलहॅममध्ये खेळत त्याने २०१३ मध्येच प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगमधील आपला ५०० वा सामना पूर्ण केला होता, आणि हा टप्पा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू होता. मात्र त्याच्या क्लबांच्या मर्यादित कुवतीमुळे मोठे युरोपीय चषक त्याच्यापासून दूरच राहिले. २००६ च्या यूएफा कपच्या अंतिम सामन्यात मिडल्सब्रोला सेव्हियाने हरवले, तर २०१० च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात फुलहॅमला अ‍ॅटलेटिको माद्रिदने जादा वेळेत २-१ असे नमवले. चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचा तर एकही सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता. चेल्सीत ती संधी होती, मग ती वर्षातून एखाद-दुसऱ्या सामन्यापुरती का असेना. ११ डिसेंबर २०१३ रोजी स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध तो उतरला, तेव्हा चॅम्पियन्स लीगमध्ये पदार्पण करणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.

क्लबच्या बाजूनेही हा विचार समजून घेण्यासारखा आहे. आघाडीवीराला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवता येते, गोलरक्षकाला तसे कोणी उतरवत नाही. जागा एकच, आणि ती भरलेली. त्यामुळे तरुण गोलरक्षक बाकावर ठेवला तर त्याची उमेदीची वर्षे सरावातच संपतात. म्हणूनच चेल्सीने आपला तरुण गोलरक्षक थिबो कुर्त्वा याला २०११ पासून सलग तीन हंगाम अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे उसना दिला होता. मागे उरलेल्या जागेसाठी असा माणूस हवा होता, ज्याला घडवण्याची गरज नाही, जो सामने न मिळताही रोजच्या सरावात ढिला पडणार नाही आणि जो दोन मिनिटांच्या सूचनेवर गोलपोस्टपुढे उभा राहू शकेल.

तशी वेळ एप्रिल २०१४ मध्ये आली आणि सुरुवात वाईट झाली. १९ एप्रिलला स्टॅम्फर्ड ब्रिजवर सुंदरलँडने चेल्सीला २-१ असे हरवले आणि चेल्सीचे प्रशिक्षक जोजे मोरिन्यो यांची चेल्सीसोबतची घरच्या मैदानावरील ७७ लीग सामन्यांची अपराजित मालिका तुटली. त्या दिवशी गोलमध्ये श्वार्झर होता. तीनच दिवसांनी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. कॉर्नरवर आलेला चेंडू अडवताना चेक हातावर पडला आणि अठराव्या मिनिटाला त्याला मैदान सोडावे लागले. समोर अ‍ॅटलेटिको, भोवती त्यांच्या व्हिसेंते काल्देरोन मैदानाचे गर्जणारे प्रेक्षक आणि अशा वेळी एकेचाळीस वर्षांचा माणूस बाकावरून उठून थेट सामन्यात शिरतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. उरलेला सामना त्याने एकही गोल न होऊ देता पार पाडला आणि निकाल ०-० राहिला. समोरच्या गोलमध्ये उभा होता तो चेल्सीचाच कुर्त्वा.

पुढच्या रविवारी, २७ एप्रिलला, अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांच्याशी गाठ पडली. लिव्हरपूलने त्याआधी लीगमधले सलग अकरा सामने जिंकले होते आणि विजेतेपद त्यांच्या हाताशी आले होते. मोरिन्यो यांनी अनेक प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती. मध्यंतरापूर्वी लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड घसरला आणि चेल्सीच्या डेम्बा बा याने गोल केला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या मानाने श्वार्झरची आठवण फार कमी लोक काढतात. उत्तरार्धात चेंडू जवळजवळ पूर्णवेळ लिव्हरपूलकडे होता आणि जो अ‍ॅलनचा जोरदार फटका श्वार्झरने झेप घेऊन परतवला. चेल्सीने सामना २-० असा जिंकला. ३० एप्रिलला उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात मात्र अ‍ॅटलेटिकोने ३-१ अशी बाजी मारली आणि श्वार्झरच्या वाटेत तोच क्लब दुसऱ्यांदा आडवा आला.

बारा दिवसांतले हे चार सामने पाहिले तर दोन पराभव, एक बरोबरी आणि एक विजय, असा साधासाच हिशेब निघतो. तरीही चेल्सीचा निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. माद्रिदमधल्या त्या बदलाने संघ विस्कळीत झाला नाही, बचावफळीने आपली आखणी तशीच चालू ठेवली, आणि त्या उन्हाळ्यात क्लबने त्याला आणखी एका वर्षाचा करार दिला.

प्रश्न : मग २०१५ मध्ये चेल्सी विजेता ठरला, त्याचे पदक श्वार्झरला का मिळाले नाही?

उत्तर : २०१४ च्या उन्हाळ्यात कुर्त्वा परतला, चेक दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि श्वार्झर तिसऱ्या. तिसऱ्या गोलरक्षकाला लीगचा सामना मिळणे जवळजवळ अशक्यच. जानेवारी २०१५ मध्ये तो तळाशी असलेल्या लेस्टर सिटीकडे गेला. त्यांचा गोलरक्षक कॅस्पर श्मायकल तेव्हा जखमी होता, त्यामुळे श्वार्झरला लगेच काम मिळाले. लेस्टर त्या हंगामात पदावनतीतून वाचला आणि पुढच्याच हंगामात चक्क विजेता झाला, तेव्हाही श्वार्झर त्याच क्लबमध्ये होता. परंतु पदकाचा हक्क मिळण्यासाठी हंगामात लीगचे किमान पाच सामने खेळलेले असावे लागतात. पहिल्या विजेत्या हंगामात तो चेल्सीकडून आणि दुसऱ्यात लेस्टरकडून लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता, त्यामुळे दोन्ही वेळा तो या निकषाबाहेर राहिला.