विहीर आटली असेल तर सरासरी नको, विहिरींची यादी मागा

तुमची पोस्ट वाचून वाटलं, माझीच जुनी तक्रार कुणीतरी नाव बदलून टाकली. यवतमाळमधल्या वणीकडचं गाव, दीड किलोमीटरवर भूमिगत कोळसा खाण, विहीर मार्चमध्येच तळाला, नाल्याकाठचा झरा बंद आणि खाणवाल्यांचं उत्तर 'पाऊस कमी झाला'. तुम्ही बोरिवलीत बसून विचारताय की मोजायचं काय आणि दाद कुठे मागायची. मी मुलुंडला असतो, गाव त्याच पट्ट्यात. भूजलतज्ज्ञ नाही, बँकेतला माणूस आहे, तेव्हा जाणकारांनी चूक दाखवावी.

पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून मोजायचं, हे तुम्हाला माहीत असणारच. ते सोडून देतो.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. आमच्या गावची एक विहीर त्यांच्या निरीक्षणाच्या यादीत होती. तक्त्यात तिची पातळी घसरत गेली आणि एका मे महिन्यात एकदम वर आली. साहेब म्हणाले, बघा, सुधारणा आहे. गावात तर टँकर सुरू होता! खूप हेलपाट्यांनंतर एका कारकुनाकडून कळलं की जुनी विहीर कोरडी पडली म्हणून काढून टाकली आणि तिच्याच क्रमांकावर तलावाखालची दुसरी विहीर घातली. तक्त्यात ना टीप, ना शेरा. नापास पोराचं नाव हजेरीपटावरून काढायचं आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, तसलाच प्रकार. आम्ही त्यांच्या तालुक्याच्या सरासरीशी वाद घालत बसलो आणि तेवढ्यात खाणीतलं डिपिलरिंग आमच्या शिवाराखालून पुढे सरकलंही. आधीची पातळी दाखवायला हातात काही उरलं नाही.

डिपिलरिंग हा शब्द लक्षात ठेवा. आधी गल्ल्या खोदताना छत तोलायला कोळशाचे खांब ठेवतात, तेव्हा पाणी झिरपतं पण वरचा खडक बऱ्यापैकी जागेवर असतो. पुढे हे खांब काढले, म्हणजेच डिपिलरिंग केलं, आणि पोकळीत वाळू भरली नाही, की छत खाली बसतं आणि वरच्या थरांना भेगा जातात. आपल्या पट्ट्यात कोळसा बराकर नावाच्या खडकाच्या थरात आहे, त्याच्या वर बऱ्याच ठिकाणी पाणी धरणारा कामठी वालुकाश्म. भेगा तिथवर पोचल्या की पाणी खाणीत उतरतं. म्हणून तुमच्या शिवाराखाली डिपिलरिंग कधी येणार, हे आजच विचारा. त्याआधीची नोंद हातात असेल तरच पुढच्या नोंदींना किंमत.

माहिती अधिकाराचा अर्ज मुंबईतून ऑनलाइन होतो, शुल्क 10 रुपये. त्यात 'पाणी पातळीची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, सरासरीच येईल. विहीरनिहाय मागा: ठिकाण, खोली, मोजण्याची खूण, तारीख, आणि यादीतून वगळलेल्या किंवा बदललेल्या विहिरी कारणासह. शिवाय अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणीही मागा, कायद्यात ती तरतूद आहे. खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रात बहुतेक वेळा मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत पातळी मोजण्याची अट असते, आणि अटींच्या पालनाचा अहवाल खाणवाल्यांनी 1 जून व 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो आणि कार्यालयाचा तक्ता शेजारी ठेवून वाचा, करमणूक होईल.

स्वतःच्या नोंदी मात्र त्या चार महिन्यांपुरत्याच ठेवू नका. आठवड्याला एक तरी हवी, आणि सोबत तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस, तो कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. पाऊस तितकाच, लांबच्या विहिरी ठीक आणि खाणीकडच्या खाली, असं दिसलं तर 'पाऊस कमी' हे उत्तर लंगडं पडतं. (पुराव्याला पुरेल का, ते वकिलाला विचारा.) उथळ विहीर आणि खोल बोअर एकाच रकान्यात कधीही घालू नका, दोघांचं पाणी वेगळ्या थरांतलं असू शकतं. आणि नोंदी चालू असताना विहिरीत आडवे बोअर मारू नका. घरचे आग्रह करतात, पण मग बदल कशामुळे झाला ते कुणीच सांगू शकत नाही.

साधनं महाग नाहीत. लोहार चाळीतून दोन पदरी वायर, लॅमिंग्टन रोडवरून साधा मल्टिमीटर. वायरची उघडी टोकं पाण्याला टेकली की काटा हलतो, वायरवर दर मीटरला खूण करायची. तिथेच टीडीएस मीटरही (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घ्या. पुतण्या वगैरे गावात असेल तर त्याला फोटो काढायला लावा, तारखेसकट. फुकट राबवू नका, महिन्याला काही द्या, नाहीतर दिवाळीनंतर नोंदी बंद.

झरा पूर्ण आटला नसेल तर बादली आणि घड्याळ पुरे. पावसाळ्यात प्रवाह वाढला की 90 अंशाच्या व्ही खाचेची पत्र्याची आडभिंत लावा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 5 सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, 10 असेल तर सव्वाचारच्या पुढे. उंची दुप्पट झाली म्हणून प्रवाह दुप्पट धरू नका. उंची खाचेवर मोजायची नाही, थोडी मागे संथ पाण्यात मोजायची. नाल्याचा फोटो टाकलात तर आडभिंत कुठे बसेल ते सांगतो.