तुरीत पडलेलं विमान आणि टीं-टीं करणारी मोटर

प्रश्न : काका, मी दारव्हा तालुक्यातला, आयटीआयला आहे. माझं फोमचं रिमोटवालं विमान परवा वळताना तुरीच्या वावरात नाकावर आदळलं. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएचची. आता बॅटरी लावली की मोटर थांबून-थांबून टीं… टीं… करते, फिरत नाही. उजव्या पंखातला सर्व्हो (पंखाची पट्टी हलवणारी छोटी मोटर) थरथरतो आणि रिमोट चालू असूनही रिसीव्हरचा दिवा लागतो-विझतो. दुकानवाल्यानं ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर दोन्ही जळाले म्हणून सांगितलं. दोन्ही नवीन घ्यावे लागतील काय?

उत्तर : बाबू, पैसे सध्या खिशातच राहू दे. दुकानवाल्यानं प्लग तरी काढून पाहिले होते काय?

मोटर टीं-टीं करते हे तूच लिहिलंस. त्या आवाजासाठी ईएससीत वेगळा भोंगा नसतो. ईएससी मोटरच्याच कॉइलमधून थोडा थोडा करंट सोडून तो आवाज काढतो. म्हणजे बॅटरीची लाईन आत पोचते आहे, ईएससीची चिप जागी आहे आणि मोटरही अगदीच गेलेली नाही. जळालेला ईएससी सहसा मुका होतो, वरून जळका वास येतो. कंपनीगणिक फरक असतो, पण सावकाश टीं-टीं म्हणजे बहुतेक ठिकाणी थ्रॉटलचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, सिग्नल मिळत नाही. घाईची टीं-टीं-टीं असती तर मी रिमोटवरची थ्रॉटलची स्टिक खाली आहे का ते विचारलं असतं.

माझा संशय त्या थरथरणाऱ्या सर्व्होवर. आदळल्यावर आतल्या नायलॉनच्या गिअरचा दात तुटतो, नाहीतर पंखाची तार वाकून अडते. अडलेला सर्व्हो सारखा जोर लावत राहतो आणि करंट खेचत राहतो. रिसीव्हर आणि सगळे सर्व्हो ईएससीतून निघणाऱ्या त्याच ५ व्होल्टवर जगतात. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बंद, सावरलं की चालू, पुन्हा बंद. मग ईएससीला सिग्नल कुठून मिळणार?

हात लावण्याआधी प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा, काढ. दोष निघाला की मोटर कधीकधी एकदम सुटते, आणि बोटं गेली तर ती कोणत्या दुकानात मिळत नाहीत. मग बॅटरी बघ. फुगली, दबली किंवा कोपरा चेपला असेल तर तिला लावूच नको. चेपलेली लायपो (तुझी ही लिथियम बॅटरी) तासाभरानंही पेट घेऊ शकते. आपल्याकडे या दिवसांत घरात खोलीभर कापूस पडलेला असतो, हे विसरू नको बाप्पा! अंगणात, कापूस-कुटारापासून लांब, लोखंडी घमेल्यात रेती घालून तीत ठेव. दिसायला चांगली असली तरी बॅलन्स प्लगवर (बॅटरीचा बारीक वायरींचा छोटा प्लग) एकेक सेल मोज. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. एखादा ३ च्या खाली गेला असेल तर तिचा नाद सोड.

आता रिसीव्हरमधून सगळ्या सर्व्होंचे प्लग काढ, ईएससीचा तेवढा राहू दे. आधी रिमोट चालू, स्टिक खाली, मग बॅटरी. दिवा स्थिर राहिला आणि मोटरनं नेहमीची सुरुवातीची धून वाजवली, तर दोन्ही महागड्या वस्तू सहीसलामत आहेत. मग दर वेळी बॅटरी काढून एकेक सर्व्हो जोडत जा. ज्याच्यानं दिवा डळमळेल तो चोर. त्याला उघडून गिअर बघ, काळ्या मातीचा कणही दात अडवतो.

सगळे सर्व्हो काढूनही दिवा डळमळला तर रिसीव्हरच्या लाल आणि तपकिरी पिनांवर मल्टिमीटर लाव. ५ व्होल्टच्या आसपास नसेल तर ईएससीचा हा भाग गेला. असेल, तर रिमोट आणि रिसीव्हरची जोडी एकदा पुन्हा जुळवून, म्हणजे बाइंड करून बघ, त्यानंतरच रिसीव्हरवर बोट ठेव. अँटेनाच्या टोकाची उघडी ३१ मिलिमीटरची तार शाबूत आहे का तेही बघ. ती तुटली तर टेबलावर सगळं ठीक वाटतं आणि शंभर पावलांवर विमान हातचं जातं.

मोटरचं म्हणशील तर मी सबमर्सिबलची वाइंडिंग करणारा माणूस, पण इथं ओहम मोजत बसू नको. या कॉइलचा रेझिस्टन्स इतका कमी की साधा मीटर चांगल्या आणि शॉर्ट मोटरला सारखंच शून्याजवळ दाखवतो. त्यापेक्षा तिन्ही वायरी सोडव, एकमेकींना लागू देऊ नको आणि शाफ्ट बोटानं फिरव. चुंबकाचे हलके झटके लागणं बरोबर. पण ती सारखी जड फिरली आणि बेअरिंग, शाफ्ट ठीक असेल, तर आत वाइंडिंग शॉर्ट आहे.

प्रश्न : विमानाची मोटर नवीन वायर सोल्डर केल्यावर उलटी फिरते. मोटर बदलू का? (आर्वी)

उत्तर : नको. थ्री फेजचा पंप उलटा फिरला की वायरमन काय करतो? तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. तिसरीला हात लावू नका.