चालणारा वॉचडॉग ड्रायव्हर 'मेंटेन' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत तुम्ही वर्षभरापासून आहात. आधीचे इंजिनीअर सोडून गेले आणि त्यांनी लिहिलेला लिनक्स कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) एक ड्रायव्हर तुमच्या वाट्याला आला. बोर्डावर एक छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. ड्रायव्हर त्याच्याकडून तापमान आणि फॅनचा वेग वाचतो आणि त्याच्यातला वॉचडॉग, म्हणजे ठरलेल्या वेळात 'मी जिवंत आहे' असा निरोप (पिंग) आला नाही तर बोर्ड रिसेट करणारं घड्याळ, चालवतो. 'ड्रायव्हर नीट चालतोय, मग मेंटेन करण्यासारखं त्यात आहे काय? आणि तो मेनलाइन (अधिकृत, सामाईक) कर्नेलला पाठवण्याच्या भानगडीत पडावं का?'

मी महाप्यात अशाच बोर्डांवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ड्रायव्हर चालतोय हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. तापमान दिसतंय, फॅनचे आकडे येतायत, ते ठीक. पण वॉचडॉगचं खरं काम बाकी सगळं बंद पडतं तेव्हा सुरू होतं. तुर्भ्याला एपीएमसीजवळ शीतगृहं आहेत, तशा ठिकाणी पॅनलमध्ये बसलेला बोर्ड रात्री अडीचला हँग झाला, तर पॉवरचं बटण दाबायला तिथे कोणी नसतं. त्या वेळी बोर्ड आपोआप रिसेट व्हायला हवा. वर्षभर सुरळीत चालणाऱ्या ड्रायव्हरने ही परीक्षा दिलेलीच नसते. ती तुम्ही घ्यायची, आणि प्रत्येक नव्या कर्नेलवर पुन्हा घ्यायची. मेंटेन करण्यातला मोठा भाग हाच.

परीक्षेला फार काही लागत नाही. टेबलावर एक बोर्ड, सिरियल कन्सोल आणि घड्याळ. वॉचडॉगला पिंग करणारा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ९ नंबरच्या सिग्नलने मारा. डिव्हाइस फाइल बंद होताना कर्नेलच्या लॉगमध्ये 'वॉचडॉग डिड नॉट स्टॉप' अशी ओळ आली पाहिजे, आणि तिथून टाइमआउटइतक्या (पिंगची वाट बघायच्या मुदतीइतक्या) वेळात बोर्ड रिसेट झाला पाहिजे. फाइल बंद करण्याआधी डेमनने इंग्रजी 'व्ही' हे अक्षर लिहिलं, तरच कर्नेलने वॉचडॉग थांबवायचा, असा नियम आहे. याला मॅजिक क्लोज म्हणतात. डेमन क्रॅश झाला तर 'व्ही' लिहिला जात नाही, म्हणून मुद्दाम केलेलं बंद आणि मरण यांतला फरक कर्नेलला कळतो. नो-वे-आउट हा पर्याय चालू असेल तर 'व्ही' लिहूनही वॉचडॉग थांबत नाही. माणूस जवळ नसलेल्या बोर्डावर तो चालूच ठेवा.

मग सिस-आरक्यूमधून (कर्नेलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीतून) 'सी' देऊन कर्नेल मुद्दाम क्रॅश करा. पॅनिकनंतर (अशा क्रॅशनंतर) किती सेकंदांनी रिबूट करायचं हे ठरवलेलं नसेल, तर कर्नेल तिथेच थांबून राहतो. तिथून बाहेर काढणारा फक्त वॉचडॉग.

आता कोड उघडा आणि एक गोष्ट आधी शोधा: ड्रायव्हरने स्वतःचा टायमर लावून, दर काही सेकंदांनी, कोणालाही न विचारता चिपला पिंग केलंय का? जुन्या ड्रायव्हरमध्ये हे सर्रास सापडतं. हार्डवेअरची मर्यादा समजा १६ सेकंदांची आहे आणि ग्राहकाला ६० सेकंदांचा टाइमआउट हवाय. मग लिहिणारा माणूस कर्नेल टायमर लावून मोकळा होतो. आता युजरस्पेस (कर्नेलबाहेर चालणारे सगळे प्रोग्रॅम) पूर्ण मेलं तरी टायमरचा इंटरप्ट येत राहतो, पिंग जात राहतं आणि चिपला वाटतं सगळं आलबेल आहे. असा वॉचडॉग नसलेला बरा, कारण नसेल तर निदान त्याच्यावर कोणी विसंबत नाही.

हे काम स्वतः करायची गरज आता उरलेली नाही. २०११ मध्ये विम व्हॅन सेब्रॉक यांनी कर्नेलमध्ये वॉचडॉगचा सामाईक गाभा आणला, त्याला वॉचडॉग कोअर म्हणतात. पुढे त्यात हार्डवेअरची कमाल मर्यादा मिलिसेकंदांत सांगायची सोय आली. ती सांगितली की कोअर मधली पिंग स्वतः पाठवतो, पण युजरस्पेसने शेवटचं पिंग कधी केलं याचा हिशेब ठेवून. डेमन गप्प झाला तर कोअर आपलं शेवटचं पिंग अशा बेताने पाठवतो की बोर्ड साधारण ६० व्या सेकंदालाच रिसेट व्हावा. घरगुती टायमरमध्ये हा हिशेबच नसतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये असा टायमर सापडला तर तो काढून कोअरकडे जाणं, हा तुमचा पहिला पॅच (कोडमधला बदल).

दुसरा संशयित म्हणजे पिंगच्या फंक्शनमध्ये गिळलेला एरर. चिप आय-टू-सी बसवर (दोन तारांवर चिप एकमेकींशी बोलतात त्या जोडणीवर) आहे असं तुम्ही लिहिलंय. ही बस अडकते. व्यवहार अर्ध्यात तुटला की एखादी चिप डेटाची तार खाली ओढून बसते आणि मग त्या बसवर कोणालाच बोलता येत नाही. अशा वेळी पिंग पोचलं नाही तर फंक्शनने तो एरर वर परत दिलाच पाहिजे, 'शून्य, सगळं ठीक' असं सांगायचं नाही. शिवाय एक प्रयोग करा: डेटाची तार काही क्षण ग्राउंडला जोडा आणि पुढे काय होतं ते बघा. बस टाइमआउटपर्यंत अडकून राहिली तर बोर्ड रिसेट होईल, पण त्या रिसेटने अडकलेली चिप रिसेट होते का? होत नसेल तर बोर्ड उठतो, बस अजून अडकलेली असते आणि ड्रायव्हर प्रोबमध्येच (चिप ओळखून सुरू होतानाच) पडतो. अडकलेल्या चिपला सोडवायला ९ क्लॉक पल्स द्यायची रीत आहे, आणि कर्नेलच्या आय-टू-सी कोअरमध्ये बस रिकव्हरीची सोय आहे. पण ती तुमच्या बस कंट्रोलरच्या ड्रायव्हरने जोडलेली असावी लागते. हे नक्की तपासा.

तिसरी जागा बूटची. यू-बूट (कर्नेलच्या आधी चालणारा बूटलोडर) वॉचडॉग चालू करून कर्नेलला सोपवतो. ड्रायव्हर प्रोब होतो तेव्हा वॉचडॉगचं घड्याळ आधीच चालू असतं. हे ड्रायव्हरने हार्डवेअरला विचारून ओळखायचं आणि कोअरला 'हार्डवेअर चालू आहे' असा झेंडा दाखवायचा. मग डेमन डिव्हाइस उघडेपर्यंत कोअर पिंग करत राहतो. पण डेमन उघडलाच नाही तर? रूट फाइलसिस्टम खराब झाली, सिस्टिमडी (बाकी प्रोग्रॅम सुरू करणारी पहिली प्रोसेस) वरच आलं नाही, तर कोअर अनंतकाळ पिंग करत राहील आणि बोर्ड तिथेच अडकून बसेल. त्यासाठी ओपन-टाइमआउट नावाचा पॅरामीटर आहे. त्याची ठरीव किंमत ० आहे, म्हणजे कितीही वेळ वाट बघा. अपडेट फसल्यावर बोर्ड परत उठत नाही अशी तक्रार आली की मी आधी हीच किंमत बघते.

सिस्टिमडी वापरत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. रनटाइम-वॉचडॉग-सेक ही त्याची सेटिंग लावली की सिस्टिमडी अर्ध्या मुदतीला पिंग करतं. त्यातून सिद्ध एवढंच होतं की पहिली प्रोसेस जिवंत आहे. तुमचा खरा प्रोग्रॅम, जो कॉम्प्रेसर चालू-बंद करतो, तो डेडलॉकमध्ये अडकला असेल तर सिस्टिमडीला पत्ताही लागत नाही. त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये वॉचडॉग-सेक वेगळं लावा आणि त्या प्रोग्रॅमच्या मुख्य लूपमधूनच निरोप पाठवा. त्यासाठी वेगळा थ्रेड काढला की घरगुती टायमरचीच चूक वरच्या मजल्यावर होते.

रिसेट झाल्यावर कारण वाचता आलं पाहिजे. बूट-स्टेटसमध्ये 'वॉचडॉगने रिसेट केलं' हे सांगणारा बिट असतो आणि तो भरणं ड्रायव्हरचं काम. हा बिट नसेल तर साइटवरचा माणूस 'लाइट गेली असेल' म्हणतो, तुम्हीही तेच मानता आणि खरा बग महिनोन्‌महिने तसाच राहतो. चिप कारणाचं रजिस्टर कधी पुसते, वाचल्यावर की पुढच्या पॉवर-ऑनला, हे समजून घ्या. यू-बूटने ते आधीच वाचून पुसलं तर कर्नेलच्या हाती काही लागत नाही.

आता हार्डवेअर मॉनिटरिंगकडे. इथे नियम सोपे आहेत, पण लोक मोडतात. एचडब्ल्यूमॉनमध्ये (कर्नेलच्या हार्डवेअर मॉनिटरिंगच्या भागात) तापमान मिलिअंश सेल्सिअसमध्ये द्यायचं, म्हणजे ४७.५ अंश असेल तर ४७५००. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, फॅन मिनिटाला किती फेरे त्या आकड्यात. बऱ्याच जुन्या चिप फॅनचा वेग थेट देत नाहीत, दोन पल्समधल्या काळाची मोजणी देतात आणि १३,५०,००० ला त्या मोजणीने आणि विभाजकाने भागून वेग काढावा लागतो. मोजणी २५५ वर जाऊन टेकली असेल तर फॅन थांबलाय किंवा फार सावकाश फिरतोय. तिथे भागाकार करून कसलासा वेग दाखवायचा नाही, ० दाखवायचा. फॅनचा पंखा बोटाने धरून हे टेबलावर बघून घ्या.

शिळ्या आकड्यांकडेही बघा. बस सारखी व्यापू नये म्हणून ड्रायव्हर सेकंदभर जुनी किंमत जपून ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण बस अडकल्यावर तीच जुनी किंमत देत राहिले तर पॅनल तापत असताना स्क्रीनवर ४१ अंश दिसत राहतात. वाचता आलं नाही तर एरर द्या. किमतीचं वय मोजताना जिफीजची (कर्नेलच्या टिकटिकांच्या मोजणीची) तुलना थेट मोठं-लहान अशी केली असेल तर तेही दुरुस्त करा. ३२ बिटांचा जिफीज हजार हर्ट्झला साधारण ४९.७ दिवसांत शून्यावर येतो. असे बग लवकर उघडे पडावेत म्हणून कर्नेलने जिफीजची सुरुवातच अशी ठेवलीय की बूटनंतर ५ मिनिटांनी तो ३२ बिटांची हद्द ओलांडतो. बूटनंतर पाचव्या मिनिटाला तुमच्याकडे काही विचित्र घडत असेल तर इथे बघा.

आणि फॅन. कोणी मॅन्युअल मोड लावून फॅन ३० टक्क्यांवर ठेवला आणि तो प्रोग्रॅम मेला, तर? आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला पॅनलच्या आत हात घालवत नाही. ड्रायव्हर उतरवताना आणि मशीन बंद होताना फॅन पुन्हा ऑटोमॅटिकवर किंवा पूर्ण वेगावर सोडा. फर्मवेअरमध्येही सोय करता आली तर उत्तम: काही वेळ होस्टकडून काहीच आलं नाही की फॅन पूर्ण वेगाने.

मेनलाइनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाठवा. कर्नेल युजरस्पेसशी केलेला करार पाळतो, पण आतल्या इंटरफेसबद्दल कसलाच शब्द देत नाही. ६.१ मध्ये आय-टू-सी ड्रायव्हरच्या रिमूव्ह फंक्शनने काही परत देणं बंद झालं, ६.३ मध्ये प्रोबचा एक आर्ग्युमेंट गेला, ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्हचं तेच झालं. मेनलाइनच्या सोर्समध्ये असलेले ड्रायव्हर तो बदल करणाऱ्यांनीच दुरुस्त केले. बाहेरच्यांना ते रात्री बसून करावं लागलं. मॅनेजर 'आपला कोड का द्यायचा' म्हणाले तर सांगा की कर्नेल जीपीएलखाली आहे आणि बोर्ड विकत घेणाऱ्या ग्राहकाने मागितला तर सोर्स द्यावाच लागतो.

पाठवताना एकच गठ्ठा पाठवू नका. एका चिपमध्ये अनेक कामं असली की एमएफडीचा (अशा चिपसाठीच्या कर्नेलच्या भागाचा) पालक ड्रायव्हर बसशी बोलतो आणि कुलूप त्याच्याकडे असतं. एचडब्ल्यूमॉन आणि वॉचडॉग ही त्याची वेगवेगळी मुलं. डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग (हार्डवेअरची नोंद कशी लिहायची याचं वर्णन) आधी, मग पालक, मग मुलं. प्रत्येकाचे मेंटेनर (तो भाग सांभाळणारे) वेगळे असू शकतात आणि गेट-मेंटेनर स्क्रिप्ट कोणाला पाठवायचं ते सांगते. वॉचडॉग आणि एचडब्ल्यूमॉन दोन्हींच्या मेंटेनरांत ग्युंटर रोएक यांचं नाव आहे. एचडब्ल्यूमॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पॅच कसा पाठवावा याची वेगळी फाइल आहे, ती वाचूनच पाठवा, निम्म्या सूचना तिथेच मिळतील. मर्ज विंडो (नवे बदल मेनलाइनमध्ये घेण्याचा काळ) दोन आठवड्यांची असते. त्या काळात नवा ड्रायव्हर पाठवून उत्तराची घाई करू नका. तिसरी-चौथी आवृत्ती मागितली तर तो अपमान समजू नका, काळजीपूर्वक वाचलं गेल्याचीच ती खूण आहे.

मेंटेनर्स फाइलमध्ये नोंद करताना कंपनीच्या ईमेलबरोबर दुसरं एखादं नावही घाला, म्हणजे तुम्ही नोकरी बदललीत तरी पत्रं कोणाला तरी पोचतील. आणि कोड मुळात आधीच्या इंजिनीअरने लिहिलेला आहे, तेव्हा पॅचचा लेखक म्हणून त्यांचंच नाव ठेवा, त्यांची साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा हक्क असल्याची सही) ओळ त्यांच्याकडून मागून घ्या आणि तिच्याखाली तुमची लिहा. त्यासाठी त्यांना फोन करावाच लागेल. तेव्हाच विचारून घ्या की चिपच्या फर्मवेअरच्या किती आवृत्त्या बाहेर साइटवर आहेत, आणि कुठल्या आवृत्तीत वॉचडॉगचं रजिस्टर वेगळं वागतं. हे डेटाशीटमध्ये सापडत नाही.