रशियातून मूल दत्तक आणायचं तर पालकांना तिथे जाऊन नेमकं काय करावं लागायचं? एजन्सीच सगळं करते ना?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि लिहायला बसले. तुम्ही खाली असंही लिहिलंय की "आईबाबांनी फक्त जाऊन मूल घेऊन यायचं असतं असं ऐकलंय, आणि आज भारतीय जोडप्याला हे शक्य आहे का?" मॉस्कोत मी या दत्तकाच्या फायलींची भाषांतरं करत होते तेव्हा एजन्सीचा एक समन्वयक 'फक्त जाऊन मूल घेऊन यायचं' हेच प्रत्येक जोडप्याला ऐकवायचा, आणि माझं त्याच्याशी दर वेळी वाजायचं. एजन्सी तिकीट, गाडी, हॉटेल, दुभाषा बघते. मुलाचे वैद्यकीय कागद मात्र आईबापांनीच वाचायचे असतात, आणि पहिल्या फेरीचं मुख्य काम तेच असतं.

हे सगळं माझ्या तेव्हाच्या कामातलं सांगते, आज काय उरलंय ते शेवटी. फेऱ्या दोन. २००० सालच्या नियमांनंतर आईबाप स्वतः येऊन मुलाला भेटल्याशिवाय परदेशी दत्तक पुढे सरकत नसे. पहिली फेरी साधारण पाच ते सात दिवसांची. मॉस्कोत उतरायचं, तिथून पर्म, ओम्स्क, खाबारोव्स्क, जिथे मूल असेल त्या प्रांतात जायचं. थेट अनाथालयात कुणी सोडत नाही. आधी प्रांताच्या शिक्षण खात्यात जाऊन 'नाप्राव्लेनिये' घ्यायचं, म्हणजे त्या एका मुलाच्या भेटीचं पत्र. ते दहा दिवस चालतं. तेवढ्यात मूल बघायचं, फाईल वाचायची आणि होकार किंवा नकार लेखी द्यायचा.

तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं 'दोम रेब्योन्का'त असतात. हे बालगृह आरोग्य खात्याचं, त्याचा प्रमुख डॉक्टरच असतो. त्यापुढची मुलं 'देत्स्की दोम'मध्ये, ते शिक्षण खात्याचं. 'अनाथालय' म्हणतो खरं, पण तिथल्या बहुतेक मुलांचे आईबाप हयात असतात. एकतर आईने प्रसूतिगृहातच लिहून दिलेलं असतं, नाहीतर कोर्टाने पालकत्वाचे हक्क काढून घेतलेले असतात. यातलं काय झालंय ते विचारा. आणि भावंडं आहेत का, हे न विसरता विचारा. मुलांच्या हिताचं असल्याशिवाय भावंडांची ताटातूट करू नये असं तिथला कुटुंब कायदाच सांगतो. हा प्रश्न कोर्टात पहिल्यांदा निघाला तर सुनावणी पुढे जाते.

कागदपत्रांची जंत्री सांगत बसत नाही. गृहभेट अहवाल, पोलीस दाखला, नोकरीचं पत्र, घराचे कागद, लग्नाचा दाखला हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येकाला नोटरी, मग अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), मग रशियन भाषांतर, मग भाषांतरकाराच्या सहीला रशियन नोटरी. मराठी माणसाचं अडतं ते नावात. रशियन लिपीत 'ह' नाही. हेमंतचा एक भाषांतरकार 'खेमंत' करतो, दुसरा 'गेमंत', आणि कोर्टाच्या लेखी ती दोन माणसं होतात. आपल्या बायकांच्या नावात मधे नवऱ्याचं नाव असतं. रशियात मधलं नाव म्हणजे वडिलांचंच. त्यामुळे तुमच्या वडिलांचं आणि नवऱ्याचं नाव एकच कसं, अशी शंका हमखास निघते. म्हणून पहिल्याच दिवशी रशियन लिपीतलं एकच स्पेलिंग पक्कं करा, व्हिसाच्या अर्जापासून शेवटच्या कागदापर्यंत तेच द्या, आणि मधल्या नावाचा खुलासा करणारं एक प्रतिज्ञापत्र अपोस्टील करून फाईलला जोडा.

आता मूळ मुद्दा. २००९ मधली एक फाईल सांगते. न्यू जर्सीत राहणारं मराठी जोडपं, दीड वर्षाची मुलगी. एजन्सीने त्यांना इंग्रजीत एक पान दिलं होतं: 'प्रसूतिकाळातली एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचा विकार), वाढ थोडी मागे, बाकी तब्येत चांगली.' समन्वयकाचं म्हणणं, हे निदान रशियात प्रत्येक मुलाच्या कागदावर असतं, तिकडे लक्ष देऊ नका, मुलीला कडेवर घ्या, मन आपोआप सांगेल. यातलं अर्धं खरं होतं. 'पेरिनाताल्नाया एन्सेफालोपातिया', 'हायपरटेन्सिव्ह हायड्रोसेफॅलिक सिंड्रोम' असली भीतीदायक नावं तिथे सर्रास लिहिली जात. बाहेरचे बालरोगतज्ज्ञ ती जशीच्या तशी धरत नाहीत. पण निदानाला वजन नाही म्हणून फाईलच वाचायची नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

मुलीच्या वैद्यकीय नोंदींचा मूळ रशियन उतारा चार पानांचा होता. त्यात सगळ्यात बोलके असतात ते आकडे: जन्माचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, छातीचा घेर, अपगार गुण (जन्मताच बाळाच्या तब्येतीला दिलेले), आणि नंतरची मोजमापं. वजन-उंची मागे पडलेली चालते. संस्थेत वाढणारं मूल दर तीन-चार महिन्यांमागे साधारण महिनाभराची उंची गमावतं, आणि घरी आल्यावर त्यातली बरीचशी भरून काढतं. डोक्याचा घेर वेगळा वाचावा लागतो. या मुलीचा जन्मावेळी ३२ सेंटिमीटर, सहा महिन्यांना ४०, वर्षाला ४३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मांडलं तर तळाच्या रेषेच्या जरा वरून, तिला समांतर. लहान डोकं, पण वाढतंय. आणि दीड वर्षाचा आकडा? पुन्हा ४३. म्हणजे सहा महिन्यांत वाढ शून्य. हा आकडा एजन्सीच्या पानावर नव्हताच.

त्यांच्याकडे कागदी टेप होती, कारण मी प्रत्येक जोडप्याला ती न्यायला लावायचे. भुवयांच्या जरा वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून, तीनदा मोजायचं आणि मोठ्यात मोठा आकडा घ्यायचा. तिन्ही वेळा ४४.५ आला. मग मुख्य डॉक्टर बाईंनी मूळ रजिस्टर मागवलं. दीड वर्षाच्या नोंदीत आधीचाच आकडा उतरवला गेला होता. टेप नसती तर एकतर विनाकारण नकार गेला असता, नाहीतर घाबरत घाबरत होकार.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पानावर खाली, एका ओळीत: मुलीची जन्मदाती 'नार्कोलॉग'कडे नोंदलेली होती. म्हणजे दारू किंवा अमली पदार्थांसाठी सरकारी नोंद. सारांशात हीदेखील ओळ नव्हती. गरोदरपणात ती पीत होती का, हे त्या नोंदीवरून कळत नाही. पण ती शक्यता धरूनच पुढचं सगळं बघावं लागतं. गर्भात दारूचा परिणाम झाला असेल तर चेहऱ्यावर तीन खुणा शोधतात: वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हाळ सपाट, डोळ्यांच्या फटी आखूड. यासाठी फोटो नीट काढावा लागतो. मूल हसत नसताना, कॅमेरा थेट डोळ्यांच्या उंचीवर, आणि कपाळावर माप माहीत असलेला छोटा गोल स्टिकर. हसताना ओठ ताणून पातळ होतो आणि पन्हाळ सपाट दिसते, म्हणून आनंदाचे फोटो या कामाला निरुपयोगी. त्या दोघांनी असे सहा फोटो, सगळे आकडे आणि दहा मिनिटांचं चित्रीकरण आपल्या डॉक्टरांना पाठवलं. खुणा नव्हत्या. पण चेहरा ठीक म्हणून मेंदू ठीकच असं म्हणता येत नाही, शाळेच्या वयात शिकण्याच्या अडचणी येऊ शकतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट कळवलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकारावर सही केली.

भेटीत काय बघायचं तेही यातच आलं. एकदा सकाळी नाश्त्यानंतर आणि एकदा दुपारच्या झोपेनंतर भेट मागा. झोपेतून उठवून आणलेलं मूल गप्प बसतं आणि उगीच मंद वाटतं. एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेते का, बोट दाखवते का, मागून आवाज केला तर वळते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बावरल्यावर सांभाळणाऱ्या बाईकडे बघते का. एका माणसाशी जुळलेलं मूल दुसऱ्याशी जुळतं. एचआयव्हीच्या चाचणीची तारीख बघा. आईकडून आलेली प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे लहान वयातल्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ वेगळा. हिपॅटायटिस आणि सिफिलिसच्या तपासण्या घरी आल्यावर पुन्हा कराच.

समन्वयक तेव्हा माझ्यावर चिडला होता, की तुम्ही लोकांना घाबरवता. दुसऱ्या फेरीत प्रांतिक न्यायालयात न्यायाधीशांनी सगळ्यात आधी काय विचारावं? जन्मदात्या आईच्या नोंदीबद्दल तुम्हाला माहिती आहे का, आणि असूनही हीच मुलगी का? नवऱ्याने तारखांसकट उत्तर दिलं. ज्याने फाईल वाचलेली नाही त्याने तिथे काय सांगायचं?

सुनावणी बंद दाराआड होते. दोघं नवरा-बायको, दुभाषा, सरकारी वकील, बालकल्याण खात्याचा माणूस आणि बालगृहाचा प्रतिनिधी. तास ते तीन तास. पगार किती, घरात मूल कोण सांभाळणार, आजी-आजोबांना मान्य आहे का, मुलीच्या भाषेचं काय करणार, असे प्रश्न येतात. मूल दहा वर्षांवरचं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. पालकांची आठ तज्ज्ञांकडची वैद्यकीय तपासणी तेव्हा तीनच महिने चालायची. क्षयरोग, मानसोपचार, व्यसन, कर्करोग, त्वचा असे सगळे तज्ज्ञ त्यात आले. कोर्टाची तारीख पुढे गेली की ती बाद व्हायची आणि पुन्हा करावी लागायची, म्हणून ती शक्य तितकी उशिरा करणं शहाणपणाचं.

निकालानंतर अपिलाचे दहा दिवस. काही न्यायाधीश ते माफ करायचे, पण त्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नये. मग 'झाग्स' म्हणजे नोंदणी कार्यालयातून दत्तकाचा दाखला आणि नवा जन्मदाखला, त्यावरून रशियन पासपोर्ट, त्यानंतर मॉस्कोत अमेरिकन वकिलातीचा व्हिसा. एकूण दोन ते तीन आठवडे. बालगृहातून मूल घेताना अंगावरचे कपडे तिथेच राहतात. आतल्या चड्डीपासून टोपी-बुटांपर्यंत सगळं आपलं न्यायचं, आणि वयापेक्षा दोन मापं लहान. मूल बहुधा कधी गाडीत बसलेलं नसतं, ओकारी होतेच. पिशव्या आणि कपड्यांचा दुसरा जोड हाताशी ठेवा. पहिले काही दिवस तिला सवयीचंच द्या: लापशी, केफीर म्हणजे आंबवलेलं दूध, सूप, पाव. पोट भरलं हे तिला कळत नाही, ताटात असेल तेवढं संपवते. ओरडू नका आणि लपवूही नका, अन्न नजरेसमोर राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचं शेपूट. अमेरिकनांसाठी १ जानेवारी २०१३ पासून दार बंद आहे. २८ डिसेंबर २०१२ ला सही झालेला कायदा, ज्याला अमेरिकेत दत्तक गेल्यावर मरण पावलेल्या दीमा याकोव्लेव्ह या रशियन मुलाच्या नावाने ओळखतात. २००४ मध्ये साडेपाच हजारांवर रशियन मुलं अमेरिकेत गेली होती, २०११ मध्ये ९६२. बंदी आली तेव्हा मुलांना भेटून परतलेली, कोर्टाच्या तारखेची वाट बघणारी कुटुंबंही अडकली, आणि मुलं तिथेच राहिली. २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, त्याने दार उघडलं नाही. भारतीयांचं म्हणाल तर रशियाने हेग दत्तक करारावर, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारावर, २००० मध्ये सही केली पण मंजुरी दिली नाही, त्यामुळे 'कारा' या आपल्या केंद्रीय दत्तक संस्थेमार्फत सरळ वाट नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ च्या रशियन कायद्यानुसार जिथे वैद्यकीय उपचारांनी किंवा कागदोपत्री लिंगबदल करता येतो त्या देशांच्या नागरिकांना दत्तक मिळत नाही. आपला २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा बघता भारत त्यात येतो असंच मी वाचते. वकिलाला विचारा, पण आशा ठेवू नका. आणि मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनी मुलं बेकायदा रशियात नेल्याबद्दल पुतिन आणि तिथल्या बालहक्क आयुक्तांवर वॉरंट काढलंय. आज तिथल्या एखाद्या मुलाची पार्श्वभूमी कागदावर खरी लिहिलीय याची खात्री मी देणार नाही. मूल हवं असेल तर 'कारा'त नाव नोंदवा. तिथेही मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो, तो डॉक्टरांसोबत बसून ओळ न् ओळ वाचा.

वरच्या मुलीसारखं मूल ज्यांच्या घरी मोठं झालंय त्यांच्यासाठी: मूळ रशियन उतारा, कोर्टाचा निकाल आणि पहिला रशियन पासपोर्ट एकत्र ठेवा. तिचं रशियन नागरिकत्व आपोआप सुटत नाही. उतारा मूळ रशियनच जपा, एजन्सीचं इंग्रजी पान त्याची जागा घेऊ शकत नाही. अठरा झाल्यावर जन्मदात्या आईबद्दल ती विचारेल तेव्हा आईचं नाव, जन्मसाल आणि प्रसूतिगृह त्या चार पानांतच सापडेल.