स्टीमचं खातं हॅक झालंय, आधार कार्ड पाठवून परत मिळेल का?

भावा, तुझं म्हणणं असं, की स्टीमच्या (कॉम्प्युटरवरचे गेम विकत घेऊन खेळायचं ऑनलाइन दुकान) खात्याचा ईमेल आणि मोबाइल नंबर दोन्ही चोरानं बदललेत, सपोर्टवाले मालकीचा पुरावा मागतायत, तुझ्याकडे आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र आहे, पण खरेदी सगळी मामांच्या कार्डावरनं झालीय. मग आधार पाठवू का?

नको पाठवू. उपयोग शून्य. खातं उघडताना तुला ईमेल आणि देश विचारला, खात्याचं नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगितलं, बास. तुझं खरं नाव काय, बापाचं नाव काय, हे त्यांच्या दप्तरात नाहीच. मग आधारावरचं नाव ते कशाशी ताडून बघणार? तलाठ्यापुढं आधार ठेवून "शेत माझं" म्हटलंस तर तो सातबारा मागेल की नाही? इथंही तेच. तू कोण हा प्रश्नच नाही, खातं कुणाचं हा आहे. चोरानं ईमेल बदलला म्हणजे खोटा फेरफार घातला, पण आधीच्या नोंदी कंपनीकडं असतात. त्या नोंदींशी जुळणारं काहीतरी तुला दाखवायचंय.

मी स्वतः यातनं गेलोय. 2022 च्या उन्हाळ्यात तालमीतल्या एका जुन्या दोस्ताच्या खात्यावरनं मेसेज आला, आमच्या टीमला मत दे. लिंक उघडली, स्टीमसारखंच हुबेहूब पान. पासवर्ड घातला, स्टीम गार्डचा, म्हणजे लॉगिनच्या वेळी येणारा सुरक्षेचा कोडही घातला. दोस्ताचं खातं आधीच चोरांच्या हातात होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. चहा पिऊन येईपर्यंत मी बाहेर आणि कुणीतरी आत.

पहिला अर्ज मीही येड्यासारखाच केला. आधारचा फोटो, वर "प्लीज सर, सात वर्षांचं खातं आहे" असली रडारड. मग डोकं शांत झाल्यावर विचार केला, की आत बसलेल्या चोराला काय काय दिसतंय? त्याला माझं प्रोफाइल दिसतं, मित्र दिसतात, कोणता गेम कधी घेतला ती खरेदीची यादीसुद्धा दिसते. म्हणजे "मी अमुक साली अमुक गेम घेतला" हे तोही तितक्याच ठामपणे लिहू शकतो. मग त्याला काय दिसत नाही? माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमधली ओळ. माझ्या जुन्या ईमेलवर आलेली पावती. आणि आमच्या माळ्यावरची डबी.

डबीचं सांगतो, कारण तिच्यामुळंच काम झालं. माझा पहिला गेम मी शाहूपुरीतल्या एका दुकानातनं डीव्हीडीवर घेतला होता, आत पुस्तिकेच्या पाठीमागं की, म्हणजे गेम खात्यावर चढवायचा कोड, छापलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा खालचं सगळं घाईघाईनं माळ्यावर टाकलं होतं. त्यात ती डबी गेली ती गेलीच. तीन वर्षांनी शिडी लावून काढली. आई खालनं म्हणतेय, "दिवाळीला फराळाचे डबे काढ म्हटलं तेव्हा गुडघा दुखत होता नव्हं?" कागदाला दमट वास, कडा फुगलेल्या, पण कीचं एकूण एक अक्षर शाबूत. सपोर्टची पद्धत अशी, की तक्रारीचा क्रमांक त्या कीच्या शेजारी स्वतःच्या हातानं लिहायचा आणि फोटो पाठवायचा, म्हणजे वस्तू आज तुझ्या हातात आहे हे दिसतं. चकचकीत कागदावर बॉलपेन उमटेना. शेवटी मार्करनं लिहिलं, ट्यूबलाइटची तिरीप पडते म्हणून खिडकीत नेऊन फोटो काढला, आणि पाठवला. खातं परत आलं.

तुझ्याकडं डबी नसणार, हल्ली कुणाकडंच नसते. मग हे बघ. खात्यावर पूर्वी जोडलेला जो ईमेल होता त्यात स्टीमच्या पावत्या शोध आणि सगळ्यात जुनी बाहेर काढ. जितकी जुनी तितकी वजनदार, कारण चोर आत्ता शिरलाय. त्याच ईमेलवर "तुमचा ईमेल बदलला" असा स्टीमचा मेल आला असेल, तो पुसू नकोस. हे तुम्ही केलं नसेल तर काय करायचं, त्याची लिंक त्यातच असते. यूपीआयनं काही घेतलं असशील तर प्रत्येक व्यवहाराला 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो अ‍ॅपच्या हिस्ट्रीत सापडतो. स्टीम वॉलेटचं कार्ड (खात्यात पैसे भरायचं) दुकानातनं घेऊन कोड घातला असेल आणि ते कार्ड अजून पाकिटात असेल तर तेही चालतं. स्टेटमेंट जोडताना फक्त ती एक ओळ दिसू दे, बाकीचं झाक. मामा कुठं कुठं जेवायला जातात हे कुणाला कळायची गरज नाही.

पण हे सगळं करायच्या आधी तो ईमेल स्वतः तुझ्या ताब्यात आहे का ते बघ. पासवर्ड बदल, आणि मेल परस्पर दुसरीकडं जायची सोय कुणी लावून ठेवलीय का ते सेटिंगमध्ये तपास. ईमेलही गेला असेल तर तो परत घ्यायचा प्रयत्न नेहमीच्या मोबाइलवरनं आणि घरच्याच वायफायवरनं कर; ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा गूगल विचारात घेतं. कॅफेत बसून करू नकोस.

अर्ज एकच टाक. साधं इंग्रजी चालतं: खातं कधी गेलं, आधीचा ईमेल कोणता, पुरावा काय जोडलाय. रोज नवीन अर्ज टाकलास तर काम मागंच पडतं. कार्डाचं फॉर्ममध्ये विचारतील तेवढंच भर. सीव्हीव्ही, ओटीपी कुणालाही नाही.

जाता जाता, इतर वाचणाऱ्यांसाठी: मोबाइल गेममध्ये प्ले स्टोअरनं खरेदी केली असेल तर पावतीवर "जीपीए"नं सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो, तो द्या. गेममध्ये फेसबुकनं शिरत असाल तर आधी फेसबुकच सोडवावं लागतं, आणि तिथं मात्र ओळखपत्र उपयोगी पडतं, कारण प्रोफाइलवर तुमचं नाव असतं. "कोल्हापूरचा वाघ" नावानं प्रोफाइल काढलेल्यांनी काय करावं हे मला विचारू नका.

आता एक धोक्याची गोष्ट. तू कुठंही "खातं गेलं" असं लिहिलंस की टेलिग्राम-इन्स्टावर कुणीतरी येईल, हजार रुपयात परत आणून देतो म्हणेल. त्यांचा नाद करायचा नाही. स्टीमचा माणूस डिस्कॉर्डवर चॅट करायला येत नाही, "चुकून तुझ्या नावावर तक्रार गेली, माझ्या ओळखीच्या अ‍ॅडमिनशी बोल" हीसुद्धा जुनीच थाप. पैसे गेले असतील तर मात्र 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लाव. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम 66क (66C) खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड. पण पोलिसांची पोच जोडली म्हणून स्टीम खातं देत नाही, तिथं पावतीच लागते.

खातं मिळालं की लगेच खेळायला बसू नकोस. सगळ्या यंत्रांवरनं लॉगआउट कर, आणि खात्यावर एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला खात्यातलं बघू देणारी किल्ली, कुणी नोंदवून ठेवलीय का बघ. ती राहिली तर चोर बाहेर गेल्यावरही तुझ्या ट्रेडवर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या देवाणघेवाणीवर, डोळा ठेवून असतो. माझ्या स्किन (गेममधल्या शस्त्रांची वगैरे सजावट) तोवर विकल्या गेल्या होत्या, आणि गेलेल्या वस्तू सपोर्ट परत देत नाही, तेव्हा त्याची आशा सोड.

राहिला मामांचा प्रश्न. कार्डावर तुझं नाव नाही याची काळजी करू नकोस, व्यवहार जुळला की झालं. ते कार्ड आता बंद पडलं असलं तरी जुनी नोंद बदलत नाही. फक्त मामांना खरं सांग. पहिल्या खरेदीच्या महिन्याचं स्टेटमेंट माग, आणि त्या महिन्यात तू एकूण किती गेम घेतलेस याची मनाची तयारी आधीच करून जा, कारण ते स्टेटमेंट तेही वाचणार आहेत.